खालून वर बोट फिरवून बघ

मुलुंड (पूर्व)
१२ ऑक्टोबर २०२५

चि. शीतल हिस,

आशीर्वाद. तुला नको असले तरी थोरल्या बहिणीने ते द्यायचे असतात, म्हणून दिले.

इकडे ठीक आहे. गावाहून मामीचा फोन होता. यज्ञेशचं लग्न ठरलंय, मुलगी कणकवलीची. "तुमचा दोघींचा बोलणा नाय काय गो अजून?" असंही विचारलं तिने. मी म्हटलं, तुझ्याकडे चेंबूरला नेटवर्क नसतं.

आता मुद्द्याचं. तुझं काम पाहिलं. नव्या टॉवरच्या आवारातलं ते 'देशी कुरण'. हौसेने नव्हते गेले. माझ्याबरोबर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची ती लता तिथे राहते. तिचा फोन आला, "प्रेमा, आमच्या गवतात पक्षी अडकून मरतायत. तू ये बाई." ते गवत कुणी लावलंय हे तिलाही ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं.

गेटवर सोसायटीचे चेअरमन चंद्रप्रकाश उभे. पांढरा शर्ट, हातात दोन मोबाईल. गवताची माहिती इंटरनेटवरून तोंडपाठ केलेला माणूस. बागेत पाटी होती. चष्मा घरी राहिला असं सांगून मी त्यांनाच वाचायला लावली. त्यांनी वाचलं, "सेटारिया प्युमिला, पिवळं कोल्हेशेपूट, पक्ष्यांचं आवडतं खाद्य." आणि खाली तुझ्या कंपनीचं नाव, तुझ्या नावासकट.

तिथूनच परत फिरावंसं वाटलं मला.

पिवळं कोल्हेशेपूट! अगं, एका कणसावरून खालून वर बोट फिरवलं असतंस तरी कळलं असतं. प्युमिला असेल तर बोट सरळ वर जातं, मांजराच्या पाठीवरून जावं तसं. इथे गवताने बोट धरून ठेवलं. कणसाच्या केसांवरचे बारीक आकडे खाली वळलेले. सेटारिया व्हर्टिसिलाटा. लहानपणी आपण परकराला चिकटवायचो ते चिकटं गवत. दोन्ही दिसतात सारखीच, पण एक पक्ष्याला दाणा देतं आणि दुसरं त्याला धरून ठेवतं. हे तुला मी शिकवलंय. दोन वर्षं. तुला कुणी ओळखून दिलं? फोनमधल्या त्या ॲपने? ते फोटो बघतं गं, त्याला बोटं नाहीत.

चंद्रप्रकाश म्हणाले, "मॅडम, गवत ते गवत. इतका काय फरक पडतो?" मी म्हटलं, "चेअरमन ते चेअरमन, आम्हाला पण काही फरक पडत नाही." लता खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवून हसली.

तेवढ्यात तिला ती दिसली. मुनिया. तीन-चार कणसं पंखांना गुंडाळून बसलेली, जिवंत. चोच उघडी, छाती थडथड उडत होती. मी चंद्रप्रकाशांना म्हटलं, जरा धरा. ते मागे सरकले, शर्टाला चिकटेल म्हणून. मग लताने रुमालात धरली आणि मी कात्री घेतली. हर्बेरियमच्या वाळवलेल्या नमुन्यांसाठी आयुष्यभर काड्या कापल्या, माझ्याशिवाय कोण कापणार? ताठ्यातच कात्री लावली.

लता ओरडली, "प्रेमा, पाय आहे तो! पाय!"

कात्री तशीच थांबली. मला ती काडी वाटली होती.

पुढचं लतानेच कापलं. मी नुसती शेजारी उभी होते. पक्षी थोडा वेळ रुमालात बसला, मग कुंपणावर, मग गेला. जमलेल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. या लोकांना टाळ्या वाजवायला काहीही चालतं.

चष्मा घरी राहिला नव्हता, शीतल. पर्समध्ये होता. त्याचा उपयोग नाही. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग जातोय. कडेचं दिसतं, पण मी जिकडे बघते नेमकं तेच दिसत नाही. डॉक्टर इंजेक्शनं देतात, आहे तेवढं टिकवू म्हणतात. पोरगेलासा आहे, दर वाक्यात 'आजी' म्हणतो. त्याला मी चांगलं ऐकवलंय. कीव करायला येऊ नकोस. आलीस तर दारातून परत पाठवीन.

चंद्रप्रकाशांना माझ्याकडून लिहून हवं होतं, की हे काम अडाणी माणसाचं आहे. मी म्हटलं, "अडाणी नाही, आळशी आहे. आणि ती माझी बहीण आहे, ते मी तिला सांगेन, तुम्ही नाही." त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं म्हणे. लताने सांगितलं.

तेव्हा भांडून जाताना तू मला म्हणाली होतीस, "ताई, तू गवताला नावं देतेस आणि माणसांना नावं ठेवतेस." खरं आहे. आजही दोन्ही केलं.

येत्या शनिवारी सकाळी तू तिथे येऊन ते गवत उपटणार आहेस, असं मी सोसायटीला कबूल केलंय. तुला विचारलं नाही, विचारणारही नव्हते. सगळं उपटायचं नाही. खरी प्युमिलाही मधून मधून आहे, तुझ्या नशिबाने. कणीस आलेलं आहे तिथे मी हात फिरवत जाईन, त्याला मला उजेडही लागत नाही. पण अजून कणीस न आलेली रोपं पुष्कळ आहेत. पानाच्या बुडाशी विरळ, लांब केस असले तर ठेवायची, नसले तर काढायची. तिथे बोटाचं काही चालत नाही, डोळे लागतात.

म्हणून तू माझ्या डाव्या बाजूला बस. रोपाला हात लावून मी विचारीन, तू बघून सांग. चुकलीस तर बोलेन, आधीच सांगते.

खुरपी दोन आण.

ताई