वीस किलो कागद

४ सप्टेंबर १९७८
मिळणार! कप्तान रोमुआलची कादंबरी पुन्हा छापली आहे! वीस किलो रद्दी दिली की कूपन, कूपन दाखवलं की दुकानातून पुस्तक. अख्ख्या पोल्तावा शहरात माझ्याआधी कुणी कूपन पटकावलं, तर नावाची उस्तीना नाही!

५ सप्टेंबर
ओख्रीम म्हणतो, "चव्वेचाळीस वर्षांची बाई तू, डेअरीच्या प्रयोगशाळेत नोकरीला. आणि त्या तलवारबाजापायी दारोदार रद्दी मागत फिरणार?"
नवऱ्याला काय कळणार! दिवसभर दुधातली चरबी मोजल्यावर माणसाला एखादं पेटलेलं जहाज लागतं. कुणीतरी कुणासाठी खिडकीतून उडी मारलेली लागते. आमच्या खिडकीतून फक्त मांजर उडी मारतं.

७ सप्टेंबर
आईला सांगितलं. तिला आता दिसत नाही, मीच वाचून दाखवणार. म्हणाली, "कशाला उगाच? शेवट तर तुला माहीत आहे."
माहीत आहे, पण छापलेला कुठे वाचलाय? महायुद्धातल्या एका हिवाळ्यात ती आम्हा दोघी बहिणींना याच कादंबरीचं रोज एक प्रकरण वाचून दाखवायची. शेवटची पानं उंदरांनी खाल्लेली, म्हणून शेवट तोंडी सांगितला — बारा वर्षांनी कप्तान घरी येतो, दारावर तीन थापा मारतो. बाबाही तीनच मारायचे. आघाडीवरून बाबा आले नाहीत आणि ते गेल्याचा सरकारी कागदही आला नाही. आम्ही बहिणी कित्येक वर्षं दारावरच्या थापा मोजत होतो. आईने तर त्यांचा लोकरी कोट अजून दाराशी टांगून ठेवलाय. कुणाला हात लावू देत नाही.
आई नको म्हणते तेव्हा तिला हवंच असतं. ओळखून आहे मी तिला.

१३ सप्टेंबर
सतरा किलो! ओख्रीमची मासेमारीची मासिकं, माझ्या शाळेच्या वह्या, फडताळात अंथरलेले पेपरसुद्धा. घरात कागदाचा कपटा उरलेला नाही.

१६ सप्टेंबर
फजिती! वजन भरावं म्हणून मधल्या पेपरांवर थोडं पाणी शिंपडलं होतं. सगळेच शिंपडतात! वजन करणाऱ्या लाव्रीन पेत्रोविचने गठ्ठ्यात हात घातला. "काय हो उस्तीना साविव्ना, पेपर रडलेत का?"
"दव पडलं."
"आतून?"
अख्खी रांग हसली. गठ्ठा उन्हात वाळवायला घरी परत.

२० सप्टेंबर
कूपन मिळालं! शेवटचे तीन किलो ओख्रीमनेच कामावरून आणले. वर म्हणतो, "तुमचं वाचून झालं की मला दे." तलवारबाज म्हणे!

३ ऑक्टोबर
पुस्तक हातात. धीर धरवला नाही, आधी शेवट वाचला.
कप्तान बुडतो. घरचा दिवा समोर दिसत असताना. थापा नाहीत, दार नाही, काही नाही. आईने सगळं मनाने रचलं होतं! बिचारीला ठाऊकच नव्हतं, उंदरांनी काय खाल्लं ते. भर दुकानात रडले.
मग ठरवलं. तिचाच शेवट वाचायचा. तिला कुठे कळणार आहे!

२२ ऑक्टोबर, रविवार
शेवटचं प्रकरण वाचलं. टेबलावर तीन थापासुद्धा वाजवल्या. एकदाही अडखळले नाही.
आईने चाचपडत पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "छान वाचलंस, पोरी. पण तो बुडतो."
उंदीर नव्हतेच म्हणे. ती पानं आईनेच चुलीत घातली होती.
"का?" मी विचारलं. तिने कोटाकडे हात केला. "अस्तर उसव. आणि कोट ओख्रीमला दे. थंडी पडायला लागलीय."

२३ ऑक्टोबर
उसवलं. घरात एक कागद उरला होता. बाबा आघाडीवर कामी आल्याचा. पोचल्याचा शिक्का फेब्रुवारी १९४४ चा — आईने आम्हाला शेवट सांगितला, तोच आठवडा.