ताईची आगोट

३ मे
मीठ बंद होऊन चाळीस दिवस. सुकी मासळी, लोणचं, पापड बंद, भात मूठभर. खरं लिहायचं तर जिना चढताना धाप लागत नाही, डोकं हलकं, झोप लागते. बी.पी.ची एक गोळी कमी झाली. बायको नीलिमा खूश. मी मात्र दुधी नुसता पाहिला तरी चिडतो.

७ मे
चूक केली. ताईची आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, यायची वेळ. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून सुकट-बोंबलांची गोणी घेऊन ती दर मे महिन्यात करंजाहून स्वतः येते. आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं. आणि मी फोनवर म्हणालो, "यंदा आणू नकोस, डॉक्टरांनी बंद सांगितलंय."
"बरा." फोन बंद.
आमच्यात बहिणीच्या आगोटीला नको म्हणत नाहीत. घेतात, हवी तर शेजारी वाटतात. मला हे माहीत होतं.

१२ मे
न्हावा शेवा बंदर, ऑफिस. जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावर सुकटीचा डबा उघडला. उठून पाण्याच्या कूलरपाशी जाऊन उभा राहिलो. डोळे भरले. बावन्न वर्षांचा घोडा, सुकटीसाठी रडतो! सुकटीसाठी नाही. ताईची फार आठवण येते.

१७ मे
तिसऱ्यांदा फोन तिच्या सुनेने उचलला. "मामा, आत्या बोंबील सुकत घालतान."
वजन सहा किलो उतरलं. नी. म्हणाली, "फोनवर कधी रुसवा गेलाय का? जाऊन या."

२४ मे
करंजा. वाटेत ट्रेलरच ट्रेलर, दोन तास. दारातच, "काय रं दिन्या, हाडां दिसाया लागली तुजी." आगोटीबद्दल अक्षर नाही.
जेवायला ताजी मासळी, कोकम, मिरची. मीठ नाही. तिनेही तेच वाढून घेतलं. दोन घासांत, "कसा खातस रं ह्या?" दोघं हसलो. मग ती रडायला लागली. "भात नि सुकटीवर तुला वाढवला. आता तीच तुला इख झाली?"
माझं बी.पी.चं मशीन पिशवीत होतं. गंमत म्हणून तिच्या दंडाला पट्टा बांधला. वरचा आकडा १९०. पुन्हा बांधला, तेच.
"तुजी मशीन बिघडली."
सून आतून म्हणाली, "थंडीपासून गरगरतंय त्यांना. तुमाला सांगू नको बोलल्या."


२५ मे
डॉक्टर म्हणाले, लगेच आणा. ताईला फोन.
"मी मीठ सोडला त धंदा कोन करल? चाखल्याबिगर मासली इकू कशी?"
खरं आहे. सुक्या मासळीच्या प्रत्येक मालातला तुकडा ती तोंडात टाकते, मगच भाव बोलते. गिऱ्हाईक तिच्या जिभेवर विश्वास ठेवून येतं. दिवसभरात किती मीठ पोटात जात असेल कोण जाणे. दोन महिने मी माझंच पथ्य मोजत बसलो, हिला एकदाही विचारलं नाही. लाज वाटते.

२९ मे
ताईचा स्वतःहून फोन! "येतंय. पन गोनी घेऊन. गोनी नको त डागदर पन नको."
"घेऊन ये," म्हणालो.

१ जून
आली. गोणी स्वयंपाकघरात. घरभर वास, दुपारपर्यंत मी तीनदा पाणी प्यायला आत गेलो. नी. म्हणाली, "तहान फार लागते हो तुम्हाला!"
डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आहाराचा कागदही, माझ्यासारखाच. ताईने घडी घालून बटव्यात ठेवला. निघताना म्हणाली, "तू पालशील तवर मी पालीन. तू खाल्लीस का मी पन खाल्ली."

४ जून
नी. म्हणते गोणी वाटून टाकू. मी म्हटलं, राहू दे. वाटली की ती पुढच्या वर्षी येणार नाही, असं उगाच वाटतं.
संध्याकाळी ताईचा फोन. "सुनंला चाखाया बसवली आज. तिला काय कलत नाय, धा वेला थुकली. तू खाल्लीस?"
"नाही."
"आठवन येतं?"
"रोज."
"मना पन," म्हणाली.