मुकी दुपार

४ मार्च

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. स्वयंपाकघरातला नळ अजून गळतो, पण आता त्याची सोबत वाटते, म्हणून दुरुस्त करत नाही. समोरच्या शिंप्यानं माझ्या कोटाची एक बाही लांब केली, दुसरी तशीच ठेवली. म्हणतो, लोकांशी हात मिळवायला एकच लागते.

एक काम आहे. माझा वायरलेसचा सेट तुझ्या वेधशाळेत ठेवून घेतील का, विचार. गच्चीवरची तार मी उतरवली. सेटवर जुनी चादर घातली आहे. तू कारण विचारणार, आणि खोटं बोललो तर पकडणार, म्हणून सांगून टाकतो.

दीपगृहाच्या बाई तुला माहीत आहेत. मी बंदराच्या कचेरीत तारयंत्रावर होतो तेव्हापासून आमचं तारेच्या भाषेत कट्ट-कडकट्ट चालू आहे. आम्ही एकमेकांना कधी पाहिलेलं नाही, पण हजार जणांच्या गर्दीत मी त्यांचा वाजवण्याचा हात ओळखीन. त्या निवृत्त झाल्या, एका खोलीत एकट्या राहतात, खारा वारा गुडघ्यांना सोसत नाही. वरची खोली रिकामी आहे. मंगळवारी दुपारी धीर करून विचारलं, इकडे या, आपण बरोबर राहू. एकदाच विचारलं. दुसऱ्यांदा वाजवायला बोट उचलेना.

त्यानंतर काही नाही. उत्तर नाही, खरखरसुद्धा नाही. समोरच्या शाळेची मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली, तरी मी कान लावून बसलो होतो. मग काय ते समजलो. या वयात फजिती व्हायची होती, झाली. तुझ्या आईला जाऊन इतकी वर्षं झाली, तेव्हा तू रागावणार नाहीस असं वाटलं होतं. रागावली असलीस तरी आता प्रश्न मिटला.

जेवत जा. उन्हात टोपी घाल, तुझं सगळं कामच उन्हाचं.

तुझा,
बाबा

९ मार्च

ती. बाबांना,
शि. सा. न.

रागावले नाही. रडले थोडी, तेही आनंदानं, आणि लगेच डोकं धरून बसले. बाबा, इतकी वर्षं तारयंत्रावर काढून तुम्ही हे कसं विसरलात?

मंगळवारी मी नेहमीसारखी घुमटाखाली बसून सूर्याचं चित्र काढत होते. दुर्बिणीतून कागदावर ताटाएवढा सूर्य पडतो आणि त्यावरचे डाग मी पेन्सिलीनं उतरवून घेते. आठवडाभर एक मोठा, वेडावाकडा डाग मध्याकडे सरकत होता. डाग म्हणजे जिथे सूर्याचं चुंबकत्व फार दाटून येतं ती जागा. तिथल्या चुंबकीय रेषा लोकरीसारख्या गुंतत जातात, पीळ बसत जातो, आणि एका क्षणी त्या तुटून नव्यानं जोडल्या जातात. साठलेलं सगळं एकदम मोकळं होतं.

माझ्या बरोबरच्या सहकाऱ्यानं लाल काचेच्या दुर्बिणीजवळून हाक मारली. मी डोळा लावला तर त्या डागावर दोन उजळ फिती पसरत होत्या, आवाज नाही, घाई नाही, जणू कुणी झोपेत डोळे उघडत होतं. नंतर त्यांच्यावर कमानी उभ्या राहिल्या आणि त्या कमानींवरून तापलेला वायू थेंबाथेंबानं खाली ओघळू लागला. सूर्यावर पाऊस पडत होता, बाबा. एकेक थेंब आपल्या गावाहून मोठा. मी पेन्सिल हातात धरून नुसती बसले.

पण तुमच्या कामाची गोष्ट अशी. त्या भडक्यातून निघालेले क्ष-किरण उजेडाच्याच वेगानं येतात, म्हणजे मला दिसलं तेव्हाच ते इथे पोचलेही होते. पृथ्वीच्या ज्या बाजूला दिवस असतो, तिथल्या हवेचा अगदी वरचा पदर ते असा भारून टाकतात, की तुमच्या लघुलहरी त्यात शिरतात आणि तिथेच जिरतात. बंदराच्या कचेरीत तुम्ही यालाच मुकी दुपार म्हणायचात. मला मांडीवर बसवून सांगितलं होतंत, की समोरच्यानं सेट बंद केला तर खरखर राहते, सूर्यानं बंद केला तर खरखरही जाते.

तुम्हीच लिहिलंत, खरखरसुद्धा नाही. आणि आमची वेळही शाळेच्या घंटेशी जुळते. बाईंनी नकार दिलेला नाही. कदाचित तुमचा प्रश्नच पोचला नसेल. तार चढवा आणि परत विचारा, माझ्यासाठी.

तुमची लाडकी,
ठिणगी

१६ मार्च

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

शिंप्यानं शिडी धरली, मी तार चढवली. तो विचारत होता, एवढी घाई कसली, बातम्या तर माझ्या दुकानातही लागतात. मी तार ताणून बांधत राहिलो.

तुझं वाचून स्वतःचीच कीव आली. लोकांच्या बाबतीत मुकी दुपार लगेच ओळखायचो गं. स्वतः विचारून बसल्यावर शांतता नकारासारखीच ऐकू येते.

रोज दुपारी हाक घालतो आहे. खरखर आहे, दूरची जहाजं आहेत, कुणीतरी हवामान सांगत असतो. बाई नाहीत. लहरींवरची त्यांची ठरलेली जागा मोकळी आहे. आता तुझा सूर्य काय म्हणतो ते सांग. खरं सांग.

बाबा

२० मार्च

ती. बाबांना,
शि. सा. न.

खरं सांगायचं तर सूर्य शांत आहे. तो मोठा डाग कडेला पोचला, चपटा होत होत सूर्याबरोबर पलीकडे वळला. आज माझा कागद कोरा राहिला. असा कोरा कागद मला एरवी फार आवडतो, डोळे मिटून उन्हात बसल्यासारखं वाटतं. आज पहिल्यांदा वाटलं, एखादा भडका असता तर बरं झालं असतं, निदान तुम्हाला सांगायला काही तरी असतं.

मला तुमची काळजी वाटते. रजा टाकली आहे, शनिवारी येते. तोपर्यंत तार उतरवू नका.

तुमची,
ठिणगी

२४ मार्च

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

तू मला ओळखत नाहीस, पण तुला गोवर आला होता तेव्हापासून मी तुला ओळखते. हे पत्र तुझ्या वडिलांच्या टेबलावरून लिहिते आहे. नळ गळतो आहे, तो मी उद्या दुरुस्त करून घेणार.

त्या मंगळवारी मला त्यांचा प्रश्न स्वच्छ ऐकू आला. चष्मा पुसायला वेळ गेला, मग मी उत्तर दिलं. आमच्या कामाची शिस्त अशी, की महत्त्वाचा शब्द तीनदा वाजवायचा. मी तीनदा हो म्हटलं. संपवलं तेव्हा खरखरही थांबलेली होती. मुकी दुपार मलाही माहीत आहे, पण त्या क्षणी मला इतकंच वाटलं, की यांनी ऐकलं आणि हे लाजून पळाले. हो तर म्हटलं होतं, मग पत्रात आणखी काय लिहायचं? मी सेट आधी बांधला, शालीत गुंडाळून, पेटीत सगळ्यात खाली. मग खोली सोडली, दीपगृहाला एकदा नीट पाहून घेतलं, आणि सामानाबरोबर रखडत रखडत निघाले. आणि हे इथे रोज त्या पेटीला हाका मारत होते.

काल दुपारी पोचले. दार उघडंच होतं. तुझे वडील पाठमोरे बसले होते, कानाला हेडफोन, एका बाहीतून मनगट उघडं, आणि मलाच बोलावत होते. मी पेटी खाली ठेवली. ते ऐकण्यासाठी थांबले, काही येईना म्हणून हेडफोन खाली केला, तेव्हा मी दाराच्या चौकटीवर बोटानं वाजवलं, हो, हो, हो.

ते वळले नाहीत. मान ताठ झाली. मग टेबलावर हळूच वाजवलं, मिळालं. आणि मग वळले.

तू शनिवारी ये, रजा रद्द करू नकोस. त्या दिवशीचं सूर्याचं चित्र घेऊन ये, त्यांना ते सेटच्या वर लावायचं आहे. माझ्यावरही थोडी माया करशील अशी आशा आहे.

तुझी,
(काय म्हणायचं ते तू येऊन ठरव)