उंबऱ्याची पोच

अप्पा, माझ्या घराचा उंबरा मला उखडावा लागला, म्हणून लिहायला बसले. तुम्ही गेल्यानंतरच्या इतक्या वर्षांत तुम्हाला कळवावं असं फारसं काही घडलं नाही. नोकरी संपली, नांदेडातच राहिले. भाड्याच्या घरांना कंटाळले होते. शिवाय भूकंपानंतर डोक्यावर स्लॅब असला की मला धड झोप लागत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे; तुम्ही स्वतः शेवटपर्यंत अंगणात खाट टाकत होतात. म्हणून शहराबाहेर लहानसा प्लॉट घेतला आणि पुलाच्या कामावर असतं तसलं जुनं लोखंडी केबिन क्रेननं आणून विटांच्या सुट्या ओट्यांवर ठेवलं. पैशाचं म्हणाल तर याहून जास्त झेपणारही नव्हतं. वर पाचटाचं छप्पर घातलं, आत स्वयंपाकाचा कट्टा केला, आणि दाराशी तुमच्या सामानातला तो सागवानी उंबरा सिमेंटात पक्का बसवला.

मग नोटीस आली. विनापरवाना बांधकाम, पाडून का टाकू नये याचा खुलासा करा. कचेरीत चार खेपा झाल्यावर एक तरुण इंजिनिअर घर बघायला आला आणि दारातच उभा राहिला.

"मॅडम, हे घर हाय का केबिन हाय?"

"तुम्हाला काय दिसतं?"

"मला दिसून काय उपयोग? फॉर्मात बसंना गेलंय. पक्कं म्हणावं तर पाया न्हाई, नकाशा न्हाई. वरचे साहेब पाडाच म्हणू राहिले." मग आवाज उतरवून म्हणाला, "तुम्ही तात्पुरतं शेड म्हणून लिहून द्या. वर्षाची परवानगी काढू, दरसाल वाढवून घ्या. पण जमिनीत गाडलेलं काही नको. ह्यो उंबरा तेवढा काढा."

मी त्याला फैलावर घ्यायच्या तयारीत होते. पण शेडला उंबरा चालत नाही, हे मी आधी ऐकलं होतं, तुमच्या तोंडून.

भूकंपाला काही महिने झालेत. निलंग्याच्या बाजूच्या त्या गावात पत्र्याच्या शेडांच्या रांगा उभ्या आहेत. गावातलं एक घर उभं राहिलेलं नाही. तुम्ही ओव्हरसियर, शेडांची तपासणी तुमच्याकडे; मी नुकती नोकरीला लागलेली, सुट्टीत तुमच्या टेपचं दुसरं टोक धरून चालते आहे. एका शेडच्या दारात एका म्हातारीनं उंबरा पुरलाय. पडलेल्या घरातून तेवढी एकच वस्तू धड निघालेली. त्यावर हळदकुंकू वाहिलंय. तुम्ही म्हणता, बाई, हे काढावं लागेल. ही जागा दुसऱ्याची आहे, शेड सरकारचं आहे, इथे उंबरा बसला की माणसं नव्या गावात जायला तयार होत नाहीत.

"सायब, उंबऱ्याबिगर म्हंजी गोठा झाला की. जनावर हाव का मी?"

"हे घर नाही, शेड आहे."

"मंग माझं घर कुठंय? दावा की. चला, म्या येते तुमच्यासंगं."

तुम्ही माणसं लावून उंबरा काढला, खालच्या बाजूला तेलरंगानं शेडचा नंबर घातला आणि तिला पोच लिहून दिली: नवीन घर मिळाल्यावर परत. तिनं ती वाचता येत असल्यासारखी वरपासून खालपर्यंत बघितली आणि पदराच्या गाठीत बांधली. पुढे तुमची बदली झाली. उंबरा गोदामातून आपल्या सामानात कसा आला, ते मी विचारलं नाही. आई त्यावर कपडे आपटायला निघाली तेव्हा तुम्ही असे ओरडलात की पातेल्यातलं दूध उतू जाऊन चूल विझली तरी स्वयंपाकघरातलं कोणी हललं नाही. "दुसऱ्याची वस्तू आहे ती," म्हणालात. दुसऱ्याची होती तर पोहोचवली का नाहीत? मी तरी दुसऱ्याचीच आणून माझ्या दाराला बसवली.

गवंड्यानं उंबरा काढला तेव्हा नंबर अजून वाचता येत होता. मी इंजिनिअरच्या फॉर्मवर सही केली. आता दरवर्षी लिहून द्यायचं, की मी राहते ते तात्पुरतं आहे. नाही दिलं तर घर जाईल. या वयात भांडायला अंगात जोर नाही, अप्पा. दिलं लिहून.

मग उंबरा गोणपाटात गुंडाळून एसटीत बसले. कंडक्टर म्हणाला, "आजी, हे काय घेतलंय?" म्हटलं, उंबरा. "मंग दार मागच्या गाडीनं येऊ राहिलं का?" सगळी गाडी हसली. मला हसू आलं नाही, पण त्यानं लगेजचं तिकीट फाडलं नाही.

नव्या गावात विचारत गेले. म्हातारी कधीच वारली होती. तिची सून आता स्वतः म्हातारी झाली आहे. नंबर बघून तिनं त्यावरून हात फिरवला. म्हणाली, "सासू मरस्तोवर म्हनायची, सायबानं कागद दिलाय, येतंय आपलं. आमी हसायचो तिला." आत गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीतून तुमची पोच घेऊन आली. अक्षर तुमचंच, खाली रेघ मारलेली सही. त्यांच्या दाराला लोखंडी चौकट आहे. सून म्हणाली, असू दे, देव्हाऱ्यापुढं ठिवीन.

तिला एक सांगायचं होतं, ते तसंच राहिलं. तपासणीच्या त्या दिवशी तुम्ही तिच्या सासूचं शेड ओलांडून पुढे गेला होतात. उंबरा तुम्ही पाहिलाच नव्हता, की पाहूनही पुढे गेला होतात, हे आता विचारता येत नाही. "अप्पा, इथे उंबरा बसवलाय," असं टेप ओढून मीच म्हटलं होतं. नियम मला पाठ होते. चहा होईपर्यंत सांगू म्हटलं, चहा झाल्यावर उठले.

नोंद: सागवानी उंबरा, एक नग, सुनेच्या हाती दिला. मूळ पोच, एक, परत घेतली. याच कागदाला टाचली आहे.