पंचवीसपैकी अठ्ठावीस

चिरंजीव धाकट्यास थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. (पोटभर मुद्दाम म्हटलं. सध्या या घरात मला दुसरं काही पोटभर मिळत नाही.) तुझे गुडघे कसे आहेत, तुझ्या बायकोचा खोकला गेला की अजून शेजाऱ्यांना जागं ठेवतो, ते कळव. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहवून घेते. मला अक्षर येत नाही हे तू जाणतोस; पेन तुझ्या दाजींच्या हातात आहे. जन्मभर शाळेत गणित शिकवलेला माणूस, पण तू सांगशील ते न गाळता लिहीन असं कबूल करून बसलेत. (गाळणार नाही, पण गरज पडेल तिथे खुलासा करीन. – लेखनिक)

महिनाभर राहायला येते म्हणाले आणि आले नाही, म्हणून तू रुसलास, फोनवरही धड बोलेनास. अरे, पाच भावंडांतले आपण दोघं उरलो, मला न येण्याची काय हौस? कपड्यांची पिशवी भरून दाराशी ठेवली होती. आडवं आलं ते रक्त. मला दोनदा चक्कर आली, तेवढ्यावर सूनबाईनं धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी रक्तातली साखर आणि इन्सुलिन तपासायला सांगितलं, दोन्ही उपाशीपोटी. मग सोबत म्हणून बाकावर बसलेल्या ह्यांच्याकडे, खरं तर ह्यांच्या पोटाकडे, नीट पाहून म्हणाल्या, "सर, तुम्हीपण देऊन टाका." दुसऱ्या दिवशी रक्त घेणाऱ्या मुलीनं विचारलं, काही खाल्लं नाही ना? हे म्हणाले छे, नुसता चहा, आणि त्यात बुडतील तेवढी बिस्किटं. (दोन. – लेखनिक) (चार. बरणी माझ्या ताब्यात असते.) मुलीनं ह्यांना परत पाठवलं, आणि ह्यांनी मलाही परत आणलं, का, तर जोडीनं येऊ. बिस्किटं ह्यांनी खाल्ली, दोन सकाळी उपाशी मी.

कागद आल्यावर हे ते तपासायला बसले. तपासायला म्हणजे चष्मा पुसून, लाल पेन घेऊन. साखर दोघांची ठीक होती. इन्सुलिनच्या ओळीत माझ्या नावापुढे सहा, ह्यांच्या नावापुढे अठ्ठावीस, आणि शेवटी छापलेलं पंचवीस. ते पंचवीस म्हणजे हद्द, त्याच्या आत राहिलेलं बरं, हे मला नंतर कळलं. पण ज्यानं आयुष्यभर पेपर तपासले त्याला आकड्याशेजारी आकडा दिसला की गुणच दिसणार. ह्यांनी निकाल जाहीर केला: मी पंचवीसपैकी सहा, नापास, आणि आपण स्वतः पंचवीसपैकी अठ्ठावीस. सूनबाई म्हणाली, "बाबा, पंचवीसपैकी अठ्ठावीस कसे पडतील?" तर म्हणाले, "वरचे तीन टापटिपीचे." मुलाला फोन केला, त्यानं साखर तेवढी विचारली, ठीक आहे म्हटल्यावर ठीक आहे म्हणाला आणि कामाला लागला.

त्या दिवसापासून घरात दोन न्याय सुरू झाले. माझ्या अंगात इन्सुलिन कमी, वाटेत कुठे पडले तर काय घ्या, म्हणून प्रवास बंद, पिशवी रिकामी. आणि हे पहिले आले म्हणून ह्यांना जेवणावर दुसऱ्यांदा गोड. समोरचा शिंपी बिचारा रोज पोटात इन्सुलिनची सुई टोचून घेतो. त्याच्या दुकानात जाऊन हे सांगून आले, "तुम्हाला बाहेरून आणावं लागतं, आमच्याकडे घरचंच उरतं." शिंपी तेव्हा ह्यांच्याच कमरेचं माप घेत होता, टेप तेवढी आणखी थोडी सोडली. (विजार सैलच सांगितली होती. – लेखनिक)

शेवटी कागद दाखवायला गेलो. डॉक्टरीणबाईंनी माझा पाहिला, बाजूला ठेवला. "आजी, तुमचं उत्तम आहे. चक्कर रक्तदाबाच्या गोळीमुळे येतेय, ती अर्धी करू." मग ह्यांचा कागद घेऊन वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. ह्यांना वाटलं, कौतुकाला शब्द सुचत नसतील. म्हणाले, "पंचवीसपैकी आहेत." बाई म्हणाल्या, "सर, हे गुण नाहीत." आणि समजावून सांगितलं. साखर रक्तातून फिरते, तिला शरीरानं आत घ्यावं म्हणून इन्सुलिन हाका मारतं. शरीर ऐकेनासं झालं की जास्त हाका माराव्या लागतात, म्हणजे जास्त इन्सुलिन. साखर ठीक दिसते ती हाका मारणारा अजून थकला नाही म्हणून. नुसती साखर बघून कळत नाही, दोन्ही शेजारी ठेवून बघायचं.

मला तर लगेच पटलं. लग्न झालं तेव्हा हे जेवायला पहिल्या हाकेला यायचे. आता चार माराव्या लागतात. जेवण वेळेवर होतं, त्यामुळे आल्यागेल्याला वाटतं या घरात किती शिस्त. माझ्या घशाची तपासणी कुणी केली नाही. (तिसऱ्या हाकेला उठतो. – लेखनिक) तेव्हा धाकट्या, चोर सोडून संन्याशाला फाशी झाली ती अशी. आता सुटले, सोमवारी येते. रुसवा असेल तर आवरून ठेव.

तुझी,
नापास बहीण

ता. क. ह्यांनाही घेऊन येते. रोज चालायला सांगितलंय, आणि तुझ्या घरापर्यंत चांगला चढ आहे. (मी मेहुण्याला भेटायला येतोय, चढासाठी नाही. – लेखनिक)

ता. क. दुसरा. हे अक्षर सूनबाईचं. हे फिरायला गेलेत, परत यायच्या आत पाकीट बंद करायचंय. वर लिहवलं ते लिहवलं, पण दाजी आले की त्या अठ्ठाविसावरून तू काही बोलू नकोस. तुझी जीभ मला ठाऊक आहे, आईचीच आहे. उलट संध्याकाळी काहीतरी आणायचं निमित्त काढून त्यांना लांबच्या दुकानाकडे चालवत ने. गुडघे दुखतात म्हणशील, तर थोडे दुखू देत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून मधुमेह नाही, चाललात, पोट उतरलं, तर हा आकडाही उतरेल, काही महिन्यांनी पुन्हा बघू. ते मी ऐकलं. ह्यांनी त्यातला 'मधुमेह' तेवढा ऐकला. घरी आल्यापासून मला किल्ल्या शिकवताहेत, कुठली कपाटाची, कुठली माळ्याची, कुठली गॅसच्या खोलीची. मला वाचता येत नाही म्हणून प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलाय. का शिकवताय, असं मी विचारत नाही, आणि ते सांगत नाहीत. मी मुद्दाम चुकीची किल्ली उचलते. मग हे वैतागतात आणि पुन्हा पहिलीपासून सुरू करतात. मला त्या किल्ल्या इतक्यात यायला नकोत.