दंडकारण्य बँडचे उरलेले दोघे

१ नोव्हेंबर १९९८, रविवार
सातची बस चुकली. साडेसातची मिळाली, तीत गडचांदूर ते राजुरा उभा. गुडघा बोलतो आहे. चंद्रपूरला रशीदकडे सव्वानऊ.
त्याच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानामागची खोली, तीच. त्याचा ड्रम, माझी गिटार. कोपऱ्यात चादरीखाली सॅम्युएलचा ऑर्गन, ऑर्गनवर टेपरेकॉर्डर. सॅम्युएलला जाऊन चौदा महिने झाले. आमच्या गायकाला, दिलीपला, शब्द बसवता यावेत म्हणून सॅम्युएलने आमचं लांब गाणं, अख्खी 'प्राणहिता', एकट्याने वाजवून एक कॅसेट भरून ठेवली होती. आम्ही ती लावतो आणि तिच्यासोबत वाजवतो. चौघांतले दोघं उरलो, तिसरी टेप. दिलीप पुण्याला मुलाकडे गेला तेव्हापासून गाणाराही नाही. शब्द मीच पुटपुटतो.
तारा पुन्हा सैल. टेपच्या सुरात लावल्या की खरखर करतात. नागपूरहून आणलेल्या तारांत दम नाही.

४ नोव्हेंबर
फॅक्टरीत स्टोअरला दिवसभर बेअरिंगची मोजदाद. नवीन साहेबाने विचारलं, "सुना है आपका बँड है?" आहे म्हणालो. "कैसा म्यूझिक?" आता काय सांगू? अडतीस मिनिटांचं एकच गाणं, मधे सात मात्रांचा एक भाग, त्यात लोक टाळ्या वाजवायला जातात आणि चुकतात. "लंबा म्यूझिक," म्हणालो. साहेब हसला.

८ नोव्हेंबर, रविवार
सिंदेवाहीहून गजभिये सरांचं पत्र, रशीदच्या दुकानाच्या पत्त्यावर. विद्यार्थी असताना त्यांनी आम्हाला बल्लारपूरला ऐकलं होतं. आता तिथल्या कॉलेजात शिकवतात. १४ फेब्रुवारीला, दुपारी चार वाजता, कॉलेजच्या मैदानावर 'प्राणहिता' हवी आहे. "पूर्ण, न कापता," याखाली दोन रेघा. पत्रिका छापायची आहे, सगळ्यांची नावं कळवा.
सगळ्यांची.
रशीदने पत्र दोनदा वाचून रेडिओच्या खोक्यात ठेवलं. म्हणाला, "जाऊ ना बे. नाई काऊन म्हनाचं?"
मी टेप लावली.

९ नोव्हेंबर
मंदाला पत्राचं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमी दोघं दर रविवारी वाजवाले जाता का सॅम्युएलभाऊले भेटाले?"
बायको पंचवीस वर्षं जुनी झाली की असं बोलते. मी आंघोळीला गेलो.

१५ नोव्हेंबर, रविवार
एसटीडीवरून दिलीपला फोन. सिंदेवाहीचं सांगितलं. मागे नातवाचं रडणं चालू. मग म्हणाला, "मध्या, सॅम्युएल गेला तवाच संपलं. तुमी काऊन ओढून राह्यले?"
पत्रिकेत तुझं नाव टाकू का, विचारलं. नको म्हणाला. "माया नावावर लोकं येतीन आनि मी दिसनार नाई."
गोष्ट खरी आहे. तरी राग आला. सोडून जायचं त्याने आणि शहाणपण पण त्याचंच.

२९ नोव्हेंबर, रविवार
आज वाजवताना भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं. सुरुवात दहा पाचला, शेवट दहा सत्तेचाळीसला. बेचाळीस मिनिटं. आपली 'प्राणहिता' अडतीसची. रशीदला म्हणालो. तो ड्रमचे नट आवळत होता. म्हणाला, "घडी जुनी हाय."
असेल. त्या खोलीत नवीन काय आहे?

६ डिसेंबर, रविवार
नाही गेलो. ताप नव्हता. मंदाला सांगितलं ताप आहे.
पडल्या पडल्या जुनं आठवत राहिलं. ९१ साली गडचिरोलीला परवानगी मागायला गेलो, तर पोलिसांचे साहेब नावावर अडले, त्यांना ते नक्षलवाद्यांचं वाटलं. दंडकारण्य म्हणजे काय? कोण कोण आहे यात? सॅम्युएलने टेबलावरच बोटांनी ठेका धरला आणि त्यांना सात मात्रा मोजायला लावल्या. साहेब तीनदा चुकले, चौथ्यांदा बरोबर मोजल्या, सही केली. असं करणारा आमच्यात एकच होता. मला असल्या जागी घाम येतो.
बंद करावं असं मला वाटतं. इथे लिहून ठेवतो, कारण रशीदसमोर म्हणवत नाही.

१४ डिसेंबर
सॅम्युएलच्या मुलीचं, रूथचं पत्र. सिरोंचाला शाळेत शिकवते, चर्चमध्ये पेटी वाजवते. नाताळच्या सुटीत येते म्हणते, बाबांचा ऑर्गन पाहायला. न्यायला नाही, पाहायला, असं मुद्दाम लिहिलं आहे.

२७ डिसेंबर, रविवार
हे नीट लिहायला हवं.
रूथ अकराला आली. सिरोंचाहून काल निघालेली. अठ्ठावीसची असेल, कपाळ बापाचं. रशीदचा रोजा, म्हणून तिला बाहेर टपरीवर चहाला नेलं. म्हणाली, "काका, तुमी अजून वाजवता हे आईला सांगितलं तर ती रडली. चांगलं वाटून."
खोलीत आलो. आम्ही टेपसोबत सुरुवात केली. ती भिंतीला टेकून ऐकत होती. दोन मिनिटांनी तिने चादर काढली, ऑर्गनचं बटण दाबलं, तो गरम होऊ दिला आणि पहिला सूर लावला.
आम्ही सगळेच बेसूर. म्हणजे ती एकीकडे आणि आम्ही दोघं नि टेप दुसरीकडे. जवळजवळ एक अख्खा सूर खाली.
मला वाटलं, पडून पडून ऑर्गन बिघडला. तिने पर्समधून चर्चची पिपाणी काढली, सूर लावायची. ऑर्गन बरोबर होता. टेप हळू चालत होती. म्हणून खाली. म्हणून माझ्या तारा सैल, म्हणून बेचाळीस मिनिटं. जवळजवळ सोळा महिने ऑर्गन तिथेच होता, हाताच्या अंतरावर. एक पट्टी दाबली असती तर कळलं असतं. आम्ही दाबली नाही. त्याच्या ऑर्गनला हात कोण लावणार?
मग तारा वर चढवल्या आणि तिच्यासोबत वाजवलं. बापाजवळ बसून शिकलेली, कागद नाही, काही नाही, सगळं पाठ. वळणं तीच. ती त्याच्यासारखी वाजवत नाही, जरा कोरडं वाजवते, पण वाजवते. किती दिवसांनी कोणीतरी जिवंत माणूस माझ्या चुकीला थांबलं.
सात मात्रांच्या भागाआधी रशीद उठला. नमाजची वेळ झाली म्हणाला.
झाली नव्हती.

३ जानेवारी १९९९, रविवार
बसमध्ये ठरवून गेलो होतो. म्हणालो, टेपचा पट्टा ढिला झाला असेल, बदल. एवढा मेकॅनिक तू, तुला कळलं कसं नाही?
त्याने टेपरेकॉर्डर उलटा केला. "पट्टा बराबर हाय. मोटरच्या मांगं स्क्रू असते. मीच फिरवला."
"कधी?"
"मागच्या उनाळ्यापासून. जरासा, जरासा. तुले समजू नाई असा."
मग उजवा हात पुढे केला. अंगठा आणि दोन बोटं. सुन्न होतात. नागपूरच्या डॉक्टरने शीर दबली म्हणून सांगितलं, ऑपरेशनने फरक पडेलच असं नाही म्हणाला. दुकानात आता डाव्या हाताने सोल्डरचा डाग देतो, हे मी पाहिलं होतं आणि विचारलं नव्हतं. "सातचा भाग त्याच्या स्पीडनं येतच नाई आता. काडी हातात हाय का पडली, पाहाव लागते."
"मले सांगाचं होतं."
"तू काय म्हनला असता? बंद करू म्हनला असता."
म्हणालोच असतो. सोळा महिने मी असं कारणच शोधत होतो, आणि हा माणूस ते माझ्यापासून लपवायला स्क्रू फिरवत होता. मेलेल्या मित्राला मंद केलं त्याने, मला सोबत ठेवायला. फार राग आला आणि तिथेच बसून राहिलो. उपास होता त्याला, पाणीसुद्धा घेता येईना. दोघांनी मिळून दुकानातला एक पंखा दुरुस्त केला.

११ जानेवारी
रूथचं पत्र. सिंदेवाहीला यायला तयार आहे. सुटी काढली. खाली: "रशीदकाकांचा हात मी पाहिला. राग मानू नका, आमच्या चर्चमध्ये एक जण चांगला ड्रम वाजवतो. बाबांची कॅसेट देऊन त्याला तयार करता येईल. निर्णय तुमचा."
पोर हुशार. बापाने अडतीस मिनिटांचं बांधलं, ते तेवढंच वाजावं असं तिला वाटणारच. चूक काय त्यात? पण मग दंडकारण्य म्हणजे मी एकटा. बाकी तिघांतलं कोणीच नाही. मी, ज्याला बंद करायचं होतं.
मंदाला पत्र वाचून दाखवलं. म्हणाली, "हळूच वाजवा ना मग. कोनाले कळते?"
रूथला कळेल. ती यासाठी दोन दिवसांचा रस्ता तुडवणार आहे.

२४ जानेवारी, रविवार
ईदनंतर पहिल्यांदा गेलो. डब्यात शेवया ठेवल्या होत्या माझ्यासाठी. खाऊन होईस्तोवर रशीद ड्रमचे नट आवळत होता. मग म्हणाला, स्क्रू परत जागेवर आणला आहे. लाव.
लावली. टेप धावायला लागली. सॅम्युएल असा वाजवायचा हे मीही विसरलो होतो. रशीद नऊ-दहा मिनिटं ठीक होता. सातच्या भागात काडी पडली. उचलली. परत पडली. तिसऱ्यांदा त्याने ती खालीच राहू दिली आणि नुसत्या डाव्या हाताने पुढचं ओढत नेलं, शेवटापर्यंत, एक पाऊल मागे राहून. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर त्याला जास्त लागलं असतं.
संपल्यावर घाम पुसत म्हणाला, "अडतीस?"
घड्याळ पाहिलं. अडतीस.

२८ जानेवारी
गजभिये सरांचं दुसरं पत्र. पत्रिका छापायला टाकायची आहे, नावं सोमवारी टपालात पडायला हवीत.
जेवणाच्या सुटीत स्टोअरमध्ये बसून कागदावर लिहिलं. ऑर्गन: रूथ. गिटार: मधुकर. ड्रम लिहून पुढे काही लिहिता येईना. शिपाई दोनदा डोकावून गेला.

३१ जानेवारी, रविवार
कागद घेऊन गेलो. रशीदसमोर ठेवला. रूथचं पत्रही दिलं, ज्यात चर्चमधल्या ड्रमवाल्याचं लिहिलं आहे ते. म्हणालो, तूच सांग. हळू वाजवायचं तर मी रूथशी बोलतो, ती ऐकेल. नाहीतर सिंदेवाहीला नकार कळवू. तिसरं मी बोललो नाही, ते पत्रात होतंच.
त्याने चष्मा लावून सगळं वाचलं. घडी करून परत दिलं.
"त्या पोराले बोलाव," म्हणाला. "मी समोर बसतो. खुर्ची टाकून."
"काही नको."
"अबे ऐक. पंचवीस वर्सं झाले, मी मांगंच बसून राह्यलो. तुया पाठीकडून. आपला बँड समोरून कसा वाटते, मले मालूमच नाई."
हे खरंच त्याच्या मनात होतं की मला मोकळं करायला बोलला, कळलं नाही. त्याच्या तोंडाकडे पाहिलं, तर तो गिऱ्हाईकाचा रेडिओ उघडायला लागला होता. डाव्या हाताने. वाजवलं नाही आज. बारापर्यंत नुसता बसलो आणि परतीची बस पकडली.
कागद खिशात आहे. ड्रमपुढची जागा रिकामी. उद्या अकराला टपाल निघतं.