मुका घेऊन सोडलेला मासा

चिझुरूताई,

हे पत्र टाकणार नाही, कारण ते पोचण्याआधी मीच रिकामी बर्फपेटी घेऊन तुझ्या दारात उभा असेन. बाळाच्या पहिल्या घासाचा लाल ताय मासा माझा भाऊ स्वतः पकडून आणील, असं तू सासऱ्यांना ठणकावलंस. काडाच्या समुद्रात सकाळभर गळ टाकून मला एक फुगा मासा मिळाला. (फुगल्यावर तो अगदी शाळेतल्या हेडमास्तरांसारखा दिसतो, पण ते राहू दे.) ताय लागला तो माझ्या परदेशी पाहुण्याला, ब्रांकोला, चांगला हातभर. मी जाळं घेऊन पोचेपर्यंत त्या शहाण्याने त्याचा मुका घेऊन त्याला पाण्यात सोडलंसुद्धा.

"अरे गाढवा, तो बाळाचा होता."

"एवढा मोठा मासा आमच्याकडे मारत नाहीत, मुका घेऊन सोडतात," तो म्हणाला.

नावाडी हामादाकाका हसले. "बाळाला दात नाहीत, ह्याला अक्कल नाही. जोडी जमेल."

तुझ्या सासऱ्यांचं मासळीचं दुकान, विकतचा मासा ते लांबूनच ओळखतील. म्हणून ब्रांकोलाच आणतोय. घास बाळाच्या ओठांना नुसता लावायचा असतो ना? मग ब्रांकोला बाळाची एक पापी घेऊ दे. तायचा मुका घेतलेलं तोंड मी त्याला अजून धुऊ दिलेलं नाही.

तुझा वैतागलेला भाऊ,
तेप्पेई